स्ट्रक्चरल परिषदेला जाऊन नेमके काय आणावे? (अनुभव आणि चर्चा)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यात गेली चौदा वर्षे आरसीसी कन्सल्टंट म्हणून स्वतंत्र व्यवसाय करतो. कार्यालयात मी, एक ड्राफ्ट्समन आणि पदविका झालेली एक साहाय्यक, असे आम्ही तिघेच आहोत. तालुक्याच्या गावी एकट्याने हे काम करणाऱ्यांना ठाऊक असेल की आपले डिझाइन दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून जाण्याचा प्रसंग सहसा येत नाही. मालक स्टील किती लागले ते पाहतो, आर्किटेक्ट कॉलम भिंतीबाहेर आला की काय ते पाहतो आणि मंजुरीच्या फाइलला आपली सही लागते. इमारत उभी आहे म्हणजे हिशेब बरोबर होता, अशी समजूत करून घेण्यात वर्षे निघून जातात. कोयनेपासून आम्ही काही फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपाची आठवण सांगणारी माणसे अजून आमच्या घराघरांत आहेत, तरीही त्या आठवणीचा आणि आपल्या ड्रॉइंगचा संबंध रोजच्या धबडग्यात तुटून जातो.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत तेरावे स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग कन्व्हेन्शन भरले, तेव्हा मी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या परिषदेला गेलो. त्याआधी दरवेळी कुठल्या ना कुठल्या स्लॅबची तारीख आडवी येत असे. जाताना मी एकच तयारी केली होती. पार्किंगवर तीन मजले अशा माझ्या एका साध्या निवासी इमारतीचे फ्रेमिंग आणि कॉलमचे तपशील ए३ कागदावर छापून, मालकाचे व जागेचे नाव कापून, सोबत घेतले होते आणि त्याच कागदाच्या मागे तीन प्रश्न लिहून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ अभियंत्यांशी बोलणे निघाले. आदल्या सत्रात त्यांनी विचारलेला प्रश्न मला आवडला होता, तेवढाच धागा धरून मी त्यांच्याकडे गेलो. कागद उलगडल्यावर त्यांनी एकदम विचारले, "बीमची सर्वांत जाड सळई कोणती?" मी सांगितले, सोळा मिलिमीटर. "मग वीस पट म्हणजे तीनशेवीस. तुमचा कॉलम दोनशेतीसचा दिसतो." आयएस १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी असावी आणि बीममधून येणाऱ्या सर्वांत जाड सळईच्या वीस पटींपेक्षाही ती कमी नसावी, हे कलम मी वाचलेले होते. परंतु 'आमच्याकडे २३० शिवाय चालत नाही' या वाक्याखाली मी ते झाकून ठेवले होते.

त्यांनी कलम क्रमांक सांगितला नाही की मला दोष दिला नाही. कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी बीम आणि कॉलमचा सांधा काढला. २३० मधून कव्हरचे (सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराचे) ४०, रिंगेचे ८ आणि कॉलमच्या सळईचे १६ वजा केले आणि उरलेल्या १६६ मिमीवर बोट ठेवले. एम२५ प्रतीचे काँक्रीट आणि फे५०० प्रतीचे स्टील धरले तर १६ मिमी सळईला पकड मिळण्यासाठी सुमारे ७७७ मिमी लांबी लागते. बाहेरच्या सांध्यात त्यात आणखी सळईच्या दहा पटी मिळवायच्या आणि काटकोनातल्या वळणाची सूट वजा करायची. म्हणजे जवळजवळ सगळी भिस्त खाली वळवलेल्या टोकावर येते, आणि सांध्यात रिंगा नसतील तर ते टोक भूकंपाच्या हेलकाव्यात काँक्रीट फोडून बाहेर येऊ पाहते. हे चित्र पाहिल्यापासून मला ३०० चा आकडा जाच वाटेनासा झाला आहे.

त्यानंतर त्यांनी सांगितलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, कारण ती कुठल्याही संहितेत छापलेली नाही. आर्किटेक्टचा नकाशा पक्का होण्याआधी, नुसत्या पेन्सिलच्या रेघांवर असतानाच, त्यांच्यासोबत एक तास बसायचे. कॉलमची जाडी कपाटाच्या खणात, डक्टमध्ये किंवा दाराच्या मागे कुठे मुरवता येईल ते तिथेच ठरवायचे. नकाशा मंजुरीला गेल्यावर ३०० मागितले की भांडण होते आणि आधी मागितले की ती रचना होते, असे ते म्हणाले.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत मी त्यांना सुधारलेले ड्रॉइंग पाठवले. त्यांनी आणखी दोघांची ओळख करून दिली, माझ्या ओळखीचा एक मित्र आला आणि आता आम्ही पाच जण महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बसून एकमेकांचे एकेक ड्रॉइंग तपासतो. तिसऱ्याच बैठकीत माझ्या जिन्याच्या मधल्या लँडिंगची तुळई कॉलमला अर्ध्या उंचीवर अडवते आणि त्यामुळे तेथे आखूड कॉलम तयार होतो, हे एकाने दाखवून दिले. आखूड कॉलम ताठर असतो, म्हणून भूकंपाचे बळ तो स्वतःकडे अधिक ओढून घेतो आणि कातरला जातो. चौदा वर्षांत मी असे किती जिने काढले असतील, याचा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

म्हणून हा धागा काढत आहे. परिषदेला जाणारे सभासद काय तयारी करून जातात, तेथे कोणाशी आणि कसे बोलतात, आणि परतल्यावर ती ओळख कशी टिकवतात, ते कृपया सविस्तर लिहावे.

नवी_इमारत

सर, आपला अनुभव दोनदा वाचला. मी पुण्यातील एका कन्सल्टन्सीत दोन वर्षांपासून काम करते. माझा दिवस ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये इमारतींचे मॉडेल करण्यात आणि वरिष्ठांनी दिलेल्या दुरुस्त्या ड्रॉइंगमध्ये उतरवण्यात जातो. मागच्या वर्षी एका परिषदेला स्वखर्चाने गेले होते. विद्यार्थ्यांना सवलत होती, परंतु मी आता विद्यार्थिनी नाही आणि कार्यालयाने ज्यांना पाठवावे अशा पदावरही नाही. तीन दिवसांत मी सगळी सत्रे ऐकली, वही भरून टिपणे घेतली आणि जेवणाच्या वेळी एका कोपऱ्यात उभी राहिले, कारण सगळे ज्येष्ठ आपापल्या ओळखीच्या घोळक्यात होते आणि त्या घोळक्यात शिरायचे कसे, हे मला समजले नाही. बोलणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोजक्या होत्या, त्यामुळे संकोच आणखी वाढला.

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. ज्याच्याकडे स्वतःचा प्रकल्प नाही, कार्यालयाचे ड्रॉइंग बाहेर दाखवण्याची परवानगी नाही, त्याने परिषदेत कोणता कागद उलगडायचा?

अध्यापक_मराठवाडा

धागाकर्त्यांनी फार चांगला विषय मांडला आहे. नवी_इमारत यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या विद्यार्थ्यांचाही तोच प्रश्न असतो.

आपल्याकडे स्वतःची इमारत नसली तरी स्वतःला पडलेला पेच असतो आणि तो पुरेसा असतो. मॉडेलमध्ये विटांची भिंत नुसते वजन म्हणून धरायची की तिचा ताठरपणाही धरायचा? तळमजल्यावर पार्किंग आणि वर भिंती असतील तर उत्तर किती बदलते? दोन खोल्यांची काल्पनिक चौकट घेऊन हे स्वतः करून पाहावे, त्याचा एक आलेख छापावा आणि तो उलगडावा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून इतक्या लांब असलेल्या अहमदाबादेत पार्किंगवरच्या इमारती का बसल्या, याचे उत्तर याच पेचात दडलेले आहे. त्यामुळे या विषयावर बोलायला कोणताही अनुभवी अभियंता थांबतो.

दुसरे असे की, निबंध पाठवणार असाल तर तोंडी सादरीकरणाऐवजी पोस्टर मिळाल्यास वाईट वाटून घेऊ नये. शेवटच्या सत्रात दहा मिनिटे बोलायला मिळतात, दोन प्रश्न होतात आणि अध्यक्ष घड्याळ दाखवतात. पोस्टरपुढे मात्र ज्याला खरोखर रस आहे तो माणूस आपण होऊन उभा राहतो आणि पंधरा-वीस मिनिटे उभा राहतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजचे मार्गदर्शक त्याला अशाच एका पोस्टरपुढे भेटले. संकोची मुलांसाठी तर हा मार्ग उत्तम, कारण घोळक्यात शिरण्याऐवजी घोळकाच आपल्याकडे येतो.

मी लातूर जिल्ह्याचा आहे, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमचा भाग भूकंप संहितेच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. माळवदाची घरे, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे ओझे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून भिंती उभ्या फाटल्या आणि माळवदे खाली आली. पुढे २००२ च्या आवृत्तीत ते पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले. गावोगावी फिरून पडलेल्या भिंती मोजणारे, त्यांची चित्रे काढणारे अभियंते नंतर एकत्र बसले, एकमेकांशी वाद घातले, तेव्हा कुठे हे ज्ञान कागदावर आले. परिषद हे त्या एकत्र बसण्याचे नाव आहे, असे मी मानतो.

रोखठोक_करवीर

वरील प्रतिसादांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. मी अनेक परिषदांना गेलो आहे आणि गेली काही वर्षे जाणे थांबवले आहे. नोंदणी शुल्क, प्रवास, राहणे आणि तीन दिवसांचे बुडालेले काम यांची बेरीज छोट्या कन्सल्टंटला जड जाते. उद्घाटन आणि सत्कारात पहिला अर्धा दिवस जातो. प्रायोजक कंपन्यांची व्याख्याने तांत्रिक सत्रांच्या वेळेत घुसतात आणि रसायन, जॅकेटिंग (जुन्या कॉलमभोवती नवे आवरण देणे) किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे स्टॉल हेच मुख्य आकर्षण ठरते. खिशात चाळीस व्हिजिटिंग कार्डे येतात आणि महिन्याभराने त्यातला चेहरा आठवत नाही. परत आल्यावर प्रमाणपत्र भिंतीवर लावले, एवढ्यालाच व्यावसायिक विकास म्हणायचे असेल तर तो घरी बसून पुस्तक वाचूनही होतो.

शिवाय एक गंभीर मुद्दा आहे. दुसऱ्याचे ड्रॉइंग तपासताना चूक सापडली आणि ती इमारत आधीच बांधून झाली असेल, तर तपासणाऱ्यांची जबाबदारी काय? वास्तुविशारदांसाठी आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा नाही. परवाना त्या त्या महापालिकेचा असतो. अशा स्थितीत पाच मित्रांनी मिळून केलेली तपासणी कितपत ग्राह्य धरायची?

टेम्सकाठ

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षे लंडनमध्ये पुलांच्या रचनेचे काम करतो. रोखठोक_करवीर यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल येथील एक व्यवस्था सांगावीशी वाटते. क्रॉस नावाची एक गोपनीय नोंद-पद्धत येथे २००५ पासून चालते. आपल्या कामात चूक झाली किंवा होता होता वाचली, तर अभियंता ती कळवू शकतो. नाव, जागा, कंपनी हे सगळे काढून टाकले जाते आणि जाणकारांच्या टिप्पणीसह ती नोंद सर्वांना वाचायला मिळते. परिषदेत कोणी बोलायला कचरत असेल तरी नाव न सांगता बोलता येते, ही सोय मला फार महत्त्वाची वाटते.

परिषदेच्या उपयोगाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे आणि त्याला कारण आहे लंडनचा मिलेनियम पूल. १० जून २००० रोजी तो पादचारी पूल उघडला आणि माणसांची रीघ लागताच आडवा हलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. चालणाऱ्या माणसाचे वजन आळीपाळीने डाव्या-उजव्या पायावर जाते, पूल किंचित हलला की माणसे तोल सावरण्यासाठी नकळत त्याच तालात पावले टाकतात आणि त्यामुळे पूल आणखी हलतो. हा प्रकार जपानमधील एका पादचारी पुलावर आधीच मोजला गेला होता आणि १९९३ मध्ये भूकंप अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकात त्यावर फुजिनो आणि सहकाऱ्यांचा निबंधही छापून आला होता. परंतु भूकंपवाल्यांचे नियतकालिक पूलवाल्यांच्या टेबलावर नव्हते. ज्ञान होते, फक्त ते शेजारच्या खोलीत होते.

त्यानंतर रचनाकारांनी जे केले त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी पुलावर माणसे चालवून चाचण्या घेतल्या, १.३ हर्ट्झपेक्षा (सेकंदाला १.३ हेलकाव्यांपेक्षा) कमी आडवी वारंवारता असलेला कोणताही पूल याला बळी पडू शकतो हे शोधले आणि सगळे आकडे जाहीरपणे छापले. डॅम्पर (हेलकावे शमवणारी साधने) बसवून पूल फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिसला केवळ पादचारी पुलांसाठी म्हणून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिची मालिका पुढेही चालू राहिली. मी स्वतः परिषदेला गेलो की एक सत्र मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचे निवडतो आणि त्या सत्रातील किमान एका वक्त्याशी बोलल्याशिवाय परतत नाही.

पूलकर_निवृत्त

टेम्सकाठ यांचे म्हणणे अगदी खरे आहे. शासकीय सेवेत तीस वर्षे पुलांचे काम केल्यावर मी तेच सांगेन. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. पुलाची तपासणी करताना आमची नजर कमानीच्या दगडांवर, भेगांवर, कठड्यांवर असते. पुरात पायाखालची रेती-माती किती खरवडली जाते, हा प्रश्न नदीचे आणि मातीचे शास्त्र जाणणाऱ्यांचा असतो. ही माणसे एका छताखाली क्वचितच येतात. सेवेत असताना मला खोल पायांच्या तपासणीबद्दल जे काही नवे कळले ते एका परिषदेत जेवणाच्या रांगेत, एका जलविज्ञानाच्या प्राध्यापकांकडून कळले. मी त्यांना आमच्या भागातील एका पुलाबद्दल विचारले. त्यांनी उलट विचारले, "पूर ओसरल्यावर किती दिवसांनी तुम्ही पायापाशी उतरता?" खरवडलेला खड्डा पूर ओसरताना पुन्हा गाळाने भरून येतो, त्यामुळे महिन्याभराने गेलेल्या माणसाला सारे ठीक दिसते, ही गोष्ट तोपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

नवी_इमारत यांना एक सुचवतो. बाळ, ज्येष्ठांच्या घोळक्याची भीती बाळगू नये. आम्हा निवृत्त लोकांना कोणी खरा प्रश्न विचारला तर आनंदच होतो. सत्र संपल्यावर वक्त्याभोवती गर्दी असते तेव्हा जाऊ नये; त्याआधी, सभागृह भरत असताना, पुढच्या ओळीत एकटा बसलेला माणूस पाहावा आणि त्याच्या शेजारी बसावे.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रोखठोक_करवीर साहेब, खर्चाबद्दलचे तुमचे म्हणणे मी नाकारत नाही. मीही दरवर्षी जाऊ शकत नाही. दोन वर्षांतून एक मोठी परिषद आणि मधल्या काळात जिल्ह्याच्या ठिकाणी होणारी संध्याकाळची व्याख्याने, असा बेत मी ठरवला आहे. स्टॉलवाल्यांशीही बोलावे, मात्र माहितीपत्रक घेण्याऐवजी त्यांच्या मालाची चाचणी कोणी आणि कोणत्या संहितेनुसार केली ते विचारावे. उत्तर देऊ शकणारा प्रतिनिधी पुढे खरोखर उपयोगी पडतो. पुस्तक वाचून विकास होतो हे मान्यच, पण ते संहितेचे पुस्तक माझ्या कपाटात सात वर्षे होते आणि माझे कॉलम २३० चेच राहिले होते.

जबाबदारीच्या प्रश्नावर आम्ही पाच जणांनी सुरुवातीलाच बोलून घेतले. डिझाइनची जबाबदारी ज्याची सही त्याचीच राहते, आमची तपासणी म्हणजे केवळ सल्ला. नाव आणि जागा काढलेलेच ड्रॉइंग येते आणि मालकाला आधी कल्पना दिलेली असते. बांधून झालेल्या इमारतीत दोष दिसला तर ज्याची ती इमारत आहे त्याने मालकाकडे जाऊन सांगायचे आणि उपाय सुचवायचा, ही अट आम्ही घातली आहे. माझ्या जिन्यांच्या बाबतीत मी दोन मालकांकडे गेलो. एकाने दुरुस्ती करून घेतली. दुसऱ्यांकडे अजून जातो आहे.

नवी_इमारत

अध्यापक सर आणि पूलकर काका, आपण सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. गेल्या आठवड्यात पुण्यात एक सायंकालीन व्याख्यान होते. मी वीस मिनिटे आधी गेले आणि पुढच्या ओळीत एका बाईंच्या शेजारी बसले. त्या जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचे काम करतात. मी माझा आलेख दाखवला: तळमजला मोकळा ठेवून वरच्या भिंतींचा ताठरपणा धरला की दोलनकाल (एका हेलकाव्याचा वेळ) कमी होतो, बळ वाढते आणि जवळजवळ सगळे विस्थापन तळमजल्यातच एकवटते. त्यांनी विचारले की भिंतीत खिडक्या धरल्या आहेत का. मी धरल्या नव्हत्या. त्यांनी त्यांचा ईमेल दिला आणि खिडक्यांसह पुन्हा करून पाठवायला सांगितले. काल रात्री पाठवले.

कृष्णाकाठ सर, तुमच्या शनिवारच्या बैठकीत श्रोता म्हणून बसता येईल का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

अवश्य या, मात्र नुसते श्रोता म्हणून नको. तुमची ती खिडक्यांसहची चौकटच पुढच्या शनिवारी पहिली घेऊ. ए३ वर छापले तर वाचता येईल अशा आकाराची पीडीएफ शुक्रवारपर्यंत पाठवा. बीमच्या सळ्यांचे व्यास लिहायला विसरू नका आणि जिना असेल तर त्याचा छेद नक्की जोडा.